रथसप्तमी झाली की निघावे



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आणि विषयही तिनेच दिला: वाळवंटातल्या शहराला केव्हा जावे? बाहेरच्या पाहुण्यांना हा विषय ऐकून नवल वाटेल, पण आपणांपैकी सर्वांना त्याचे कारण ठाऊक आहे. यंदाची मंडळाची सहल जैसलमेरला न्यायची हे ठरले आहे. केव्हा न्यायची, हे मात्र ठरत नाही. मागच्या बैठकीत त्यावरून दोन तट पडले. एकीचे म्हणणे, मे महिन्यात न्यावी. मुलांना सुट्टी असते आणि तिकडची हॉटेलेही त्या दिवसांत स्वस्तात मिळतात. दुसरीचे म्हणणे, दिवाळीच्या सुट्टीत. त्या बैठकीत मी एक शब्द बोलले नाही. मी दोनदा जाऊन आले आहे हे माहीत असल्याने तुम्ही माझ्याकडे पाहत होता, आणि मी पाटावरच्या नव्या नवरीसारखी खाली मान घालून बसले होते. त्या गप्प बसण्याचे कारण आज सांगते.

माझे जावई लष्करात आहेत. आपल्या नगरला, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरला, लष्कराचे अप्रूप नाही. भिंगारच्या छावणीमुळे रणगाडे आपल्याला बैलगाडीइतकेच ओळखीचे. तेव्हा मुलगी वाळवंटात नांदायला गेली याचे मला फारसे काही वाटले नाही. जावयांची बदली जैसलमेरला झाली आणि मुलगी म्हणू लागली, "आई, एकदा येऊन घर पाहून जा. मोठ्या आईलाही आण." मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळी घर सोडायची ती संध्याकाळी परतायची. मुलीला न्हाऊमाखू घातले, तिची वेणीफणी केली, तिला पाढे पाठ करवले ते जाऊबाईंनी. तिचे घर पाहण्याचा पहिला हक्क खरे तर त्यांचाच.

आता जायचे केव्हा? शिक्षिकेला हा प्रश्न पडतच नाही. मे महिना. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मे नको, इकडचे ऊन तुला ठाऊक नाही." त्यावर मी काय म्हणाले असेन? "अगं, मी नगरची आहे. ऊन काय मला नवे?" जाऊबाई तेव्हा पासष्टीच्या. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. त्या हळूच म्हणाल्या, "थंडीत जाऊ या का?" मी म्हणाले, "थंडीत मला रजा कोण देणार?" संपले. घरात ज्याची अडचण मोठ्या आवाजाची, त्याच्या सोयीने तारीख ठरते. त्या दिवशी तो आवाज माझा होता.

ही गोष्ट २०१६ सालच्या मे महिन्याची. आम्ही मुंबईहून जोधपूरला आणि तिथून जैसलमेरच्या गाडीत बसलो. वाटेत फलोदी नावाचे स्टेशन लागते. गाडी थांबली तेव्हा मी पाणी घ्यायला खिडकीची काच वर केली आणि तव्यावरचा उलथना चेहऱ्याला लागावा तसा वारा आत आला. फलाटावर माणूस नव्हते. एक कुत्रे नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडले होते. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ मे २०१६ रोजी, त्या फलोदीला ५१ अंश तापमान नोंदले गेले. भारतात तोवर इतके तापमान कधी नोंदले गेले नव्हते. आम्ही त्या आठवड्यात तिथे होतो.

तरी मी ऐकले नाही. सोन्याचा किल्ला म्हणतात तो पाहायचाच म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निघेपर्यंत साडेदहा झाले. किल्ल्याचा चढ फार नाही, पण दगडी फरसबंदी खालून भाजते आणि पिवळ्या दगडाच्या भिंती दोन्ही बाजूंनी भाजतात. एक वाजण्याच्या सुमारास जाऊबाई एका ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "जरा टेकते." मी पाहिले तर चेहरा लाल, आणि घाम? घाम नाहीच. अंगाला हात लावला तर कोरडे आणि तापलेले. मग त्या मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. तेव्हा माझे पाय गळाले.

किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. समोरच्या घरातील एक बाई धावत आली. तिने मला बाजूला सारले, जाऊबाईंना आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवले, ओली चादर अंगावर टाकली आणि पंख्याने वारा घालू लागली. मी पाण्याचा पेला तोंडाला लावू लागले तर तिने माझा हात धरला. माणूस शुद्धीत नसताना पाणी पाजायचे नाही, ठसका लागून ते छातीत जाते. तेवढ्यात मुलीने गाडी आणवली. दोन दिवस जाऊबाई दवाखान्यात होत्या. वाचल्या. हॉटेल नको, मुलीकडे राहू, म्हणून जे पैसे वाचले असे मी मिरवत होते, ते औषधपाण्यात गेले. उरलेले दिवस पडदे लावलेल्या खोलीत काढून आम्ही परत आलो. जैसलमेर पाहिले नाही. जाऊबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून तो मला जास्तच लागला.

घरी आल्यावर मी शाळेतली भूगोलाची पुस्तके काढली. आयुष्यभर मुलांना शिकवलेला धडा मी स्वतः वाचलाच नव्हता असे वाटले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४१-४२ वर गेला की आपण वर्तमानपत्रातला आकडा एकमेकींना वाचून दाखवतो. जैसलमेरला मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच तेवढे आहे. म्हणजे आपला सर्वांत वाईट दिवस तो तिथला नित्याचा दिवस. वाईट दिवस त्याच्या पुढे सुरू होतो.

आपण दोघेही पावसाला पारखे आहोत, पण आपली तऱ्हा वेगळी. आपला पाऊस सह्याद्री अडवतो; अकोले तालुक्यात घाटघरला तो कोसळतो आणि कर्जत-जामखेडला पोचेपर्यंत त्याच्या झोळीत फारसे उरत नाही. तरी जिल्ह्याची सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटरच्या घरात जाते. जैसलमेरला अडवायलाच कोणी नाही. अरबी समुद्राकडून येणारे वारे अरवलीच्या रांगेला समांतर निघून जातात, आणि बंगालच्या उपसागराकडचे वारे तिथवर येईतो रिकामे होतात. वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, तोही नेमाचा नाही. हवामान खात्याच्या हिशेबात पाऊस देशभर पोचण्याची तारीख ८ जुलै आहे आणि माघारी फिरायला तो पश्चिम राजस्थानातूनच साधारण १७ सप्टेंबरला सुरुवात करतो. पंक्तीला सर्वांत शेवटी यायचे आणि सर्वांत आधी उठायचे, असा हा पाहुणा! ओल नाही म्हणून ढग नाहीत, ढग नाहीत म्हणून ऊन अडत नाही. आणि त्याच कारणाने रात्री जमिनीची ऊबही अडत नाही, ती भराभर उडून जाते. वाळू लवकर तापते तशी लवकर निवते. म्हणून वाळवंटातल्या थंडीत दुपारी पातळसा पदर पुरतो आणि पहाटे लोकरीची शाल पुरत नाही.

२०१७ साली मी निवृत्त झाले. घरात पेढे वाटले, आणि संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "आता तुला रजा कोणाकडे मागावी लागणार नाही. माझा सोन्याचा किल्ला पाहायचा राहिला आहे." मला रडू आले. मैत्रिणींनो, आपण बायका आयुष्यभर प्रवास करतो, पण तारीख आपण कधी ठरवली? लग्नाची गुरुजींनी, माहेरी जाण्याची सासूबाईंनी, सहलीची नवऱ्याच्या रजेने, गावी जाण्याची मुलांच्या परीक्षेने, आणि शेतावरच्या बाईची तर पेरणी-काढणीने. साठीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा पंचांग हातात घेऊन विचारले, आम्हा दोघींना सोयीचे केव्हा?

जाऊबाईंनीच उत्तर काढले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरचे हळदीकुंकू. तेवढ्यात निघता येत नाही. रथसप्तमीला शेवटचे हळदीकुंकू झाले की बाई मोकळी. तिथून आठ दिवसांनी माघी पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेला धरून जैसलमेरला मरुमहोत्सव भरतो. शिवाय रथसप्तमीपासून ऊन चढू लागते असे आपण म्हणतोच. ते चढायच्या आत जाऊन यावे. २०१८ साली रथसप्तमी २४ जानेवारीला होती. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.

तीच गाडी, तेच फलोदी. या वेळी आम्ही मुद्दाम उतरलो. तिथून जवळच खीचन नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिथे हजारो करकोचे येतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशिया आणि मंगोलियाकडची थंडी टाळण्यासाठी हा पक्षी हिमालय ओलांडून येतो आणि मार्चच्या सुमारास परत फिरतो. गावकरी त्यांना रोज दाणे घालतात. खीचनचे नाव आता २०२५ पासून रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. मारवाडातल्या बायकांच्या लोकगीतांत ही कुरजां दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप घेऊन जाते. माझी मुलगी शेजारी उभी होती. जावई त्या वेळी सीमेकडे गेले होते. ती काही बोलली नाही, पण पक्षी उठले तेव्हा बराच वेळ वर पाहत राहिली. हा देखावा मे महिन्यात गेलेल्याच्या नशिबी नाही. मे महिन्यात त्या आभाळात फक्त धुरळा असतो.

मग किल्ला. रावळ जैसल यांनी ११५६ साली बांधायला घेतलेला, आणि २०१३ पासून राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा ठरलेला. आम्ही सकाळी आठला चढलो. ऊन कोवळे होते आणि त्या उन्हात पिवळा दगड खरोखर हळदीसारखा दिसत होता. जाऊबाई दर वीस पावलांवर थांबत, पण हौसेने थांबत. ज्या घरात त्यांना निजवले होते ते घर मी शोधून काढले. ती बाई ओळखीचे हसली. आम्ही नगरहून तिळगूळ नेला होता, तो दिला आणि तिला हळदीकुंकू लावले. रथसप्तमी उलटून गेली होती, पण त्या एका हळदीकुंकवाला कोणतेही पंचांग आडवे आले नसते.

मी तिला विचारले, "बाई, तुमच्या गावाचा सर्वांत चांगला काळ कोणता?" मला वाटले, म्हणेल थंडी. ती म्हणाली, "सावन." श्रावण! तुम्ही पाहुणे येता ती थंडी तुमची. आमचा काळ म्हणजे दोन सरी येतात तो. तेव्हा वाळूवर गवत उगवते, गडीसर तलावाकडे बायका जातात, तीज येते, माहेरवाशिणी येतात. मला आपला श्रावण आठवला. तेव्हा शहराचा उत्तम ऋतू कोणता, याचे उत्तर विचारणाऱ्यावर असते. राहणाऱ्याचे एक, पाहणाऱ्याचे दुसरे. पण पाहणाऱ्याने श्रावणाच्या भरवशावर जाऊ नये, कारण सर येईल की न येईल हे तिथल्या लोकांनाही ठाऊक नसते, आणि न आली तर उकाडा मात्र हमखास.

दुसऱ्या दिवशी आम्ही खडीन पाहिले. खडीन म्हणजे उताराच्या शेवटी घातलेला लांबच लांब मातीचा बांध. पावसाळ्यात वाहून आलेले पाणी त्यामागे साचते, मुरते, आणि त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा येतो. पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत कित्येक शतकांपूर्वी तिथे रुजवली. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यातल्या आपण. पाणी अडवणे आणि जिरवणे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण २०० मिलिमीटर पावसावर उभा असलेला हिरवा हरभरा पाहिला आणि आम्ही दोघीही चूप झालो. हेही थंडीतच दिसते. उन्हाळ्यात तिथे नुसती भेगाळलेली जमीन.

पौर्णिमेच्या दिवशी, ३१ जानेवारीला, खग्रास चंद्रग्रहण होते. समच्या वाळूवर आम्ही बसलो असताना चंद्र उगवला तो ग्रासलेलाच, तांब्याच्या घंगाळासारखा. जाऊबाईंनी ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा थेंबही घेतला नाही. पुन्हा पाणी नाही म्हणून माझ्या पोटात गोळा! पण या वेळी थंडी अशी होती की आम्ही दोघी एका रजईत बसलो होतो. पावणेनऊला ग्रहण सुटले, वाळू चांदीसारखी झाली, आणि त्यांनी स्वतः होऊन चहा मागितला.

आता कार्यकारिणीसाठी मुद्द्याचे. ऑक्टोबरात तिथे दुपारी ३५-३६ अंश असतात. म्हणजे दिवाळी लवकर आली तर उकडेल, उशिरा आली तर सुसह्य. नोव्हेंबरात दुपार तिशीवर येते. डिसेंबर आणि जानेवारी उत्तम. दुपारी २४-२५, पहाटे ७-८ अंश. फेब्रुवारीही चांगला. मार्चमध्ये पुन्हा पारा ३३ च्या घरात, आणि एप्रिलपासून जूनपर्यंत जाऊ नये. नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा टाळावा; गर्दी आणि दर दोन्ही चढतात. मरुमहोत्सवाच्या दिवसांतही गर्दी असते, पण ती पाहण्यासारखी असते. फक्त राहण्याची जागा आधी धरावी लागते. प्रत्येकीने शाल, मोजे आणि कानटोपी घ्यावी. "राजस्थान म्हणजे गरम" म्हणून नुसती सुती पातळे घेऊन गेलेली मी पहिल्या पहाटे मुलीच्या नवऱ्याचा लष्करी स्वेटर घालून बसले होते.

एका मैत्रिणीने विचारले आहे, मुलगा दुबईला असतो, तिकडे केव्हा जावे? महिने तेच, नोव्हेंबर ते मार्च. पण तिथला उन्हाळा आणखी निराळा. शेजारी समुद्र असल्याने हवेत ओल असते, घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरी करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ज्या वेळी सरकार धट्टयाकट्ट्या मजुरांना सावलीत बसवते, त्या वेळी आजीने नातवाला भेटायला जाऊ नये.

मला ठाऊक आहे, माघात निघायला सगळ्यांना जमणार नाही. कोणाच्या मुलाची बारावीची परीक्षा तोंडावर असेल, कोणाची ज्वारी काढणीला आलेली असेल. नोकरीच्या बायकांचे दुःख तर मी भोगले आहे. त्यांच्यासाठी दुसरी तुकडी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास न्यावी. दोन तुकड्यांचा खर्च थोडा वाढेल, हिशेब लिहिण्याचे काम मी करीन. पण मे महिन्यात नेण्याला माझा विरोध आहे, आणि तो लिहून घ्यावा. आपल्या यादीत साठीच्या वरच्या अकरा जणी आहेत. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी अंगातले पाणी घटते, आणि "मला काही होत नाही" म्हणण्याची तर आपल्याला सवयच असते. स्वस्त भाड्यात ही जोखीम धरलेली नसते.

काल हे भाषण मी जाऊबाईंना वाचून दाखवले. विचारले, काही चुकले का? त्या म्हणाल्या, "एवढे लांबण कशाला? त्यांना सांग, तारीख ठरवताना आधी बघा, आपल्यात सर्वांत थकलेली कोण. तिला जो महिना सोसेल तो सगळ्यांनाच सोसेल." सारे भूगोलाचे पुस्तक मी वाचले, पण हे त्यात नव्हते.

त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. उन्हात आता त्यांना फिरवत नाही, दुपारी दार ओढून घेतात. तेवढी खूण त्या मे महिन्याने ठेवली. पण यादीत त्यांचे नाव पहिले आहे. तेव्हा अध्यक्षबाईंनी तारीख त्यांनाच विचारून ठरवावी, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.